अर्ध्यावर थांबवलेली तपासणी

मंडळी, ऐका! चूक झाली, पण करणाऱ्याला दिसलीच नाही – तर ती कुणाच्या माथी? नशिबाच्या? माना डोलवू नका, आधी ऐका!

गडहिंग्लजात जयवंताचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. नवरा-नवरीला ढगातून उतरवायचा पठ्ठ्या! पण समोरचा स्टुडिओवाला मांडव उतरायच्या आत व्हिडिओ हातात ठेवी. जयवंताच्या पोटात दुखायला लागलं. मग काय – कॉम्प्युटरची रॅम जास्त वेगानं पळवायला बसला!

रॅम म्हणजे काय गं बायांनो? कॉम्प्युटरचा ओटा! फडताळातलं सामान काढून जिथं काम चालतं, तो. मागितलेली वस्तू हाती यायला क्षणभर थांबावं लागतं. जयवंतानं वेग वाढवला आणि ते थांबणं कापलं. कापलं – चाललं! आणखी कापलं – तरी चाललं! चढला की हो गडी!

बायको कालिंदी म्हणाली, "अहो, रॅमची तपासणी लावलीय ती पुरी तरी होऊ द्या."

"अर्धी झाली की! एक चूक निघाली नाही. गप्प बस, गिऱ्हाईक खोळंबलंय."

बंद केली! अर्धी भाजलेली भाकरी वाढता का हो तुम्ही?

व्हिडिओ भराभर निघू लागले. कॉम्प्युटरात जागा पुरेना, म्हणून जुन्या लग्नांचं मूळ चित्रण दाबून कमी जागेत मावतील असे गठ्ठे बांधले, आणि मूळ पुसून टाकलं. गठ्ठा उघडून बघितला? छे! मशीन कुरकुरलं नाही ना – झालं!

एक दिवस दारात गोदाक्का. तिच्या शेवंतीचं लग्न यानंच टिपलेलं. पोर बाळंतपणात गेली, मंडळी.

"व्हिडिओ आहे रे घरात," ती म्हणाली. "पण सगळ्यावर तू गाणी घातलीस. पोरीचा आवाजच नाही त्यात. उखाणा घेतला होता बघ तिनं – तेवढा ऐकव."

जयवंतानं गठ्ठा उघडला. उघडेना! पुन्हा – नाही! रॅम होती तशी संथ केली. आता तरी? अहो, रॅम ताळ्यावर आली, पण ती बेताल असताना गठ्ठ्यात जे चुकीचं लिहिलं गेलं, ते कसं सुधारणार?

गोदाक्का स्टुलावर बसलेली. "सावकाश कर बाबा. मला कसली घाई?"

जयवंताची मान वर होईना. "अक्का... मूळ पुसलं मी."

"का रे?"

"जागा हवी होती."

बाई उठली. शिवी नाही, शाप नाही. म्हणाली, "उखाणा पाठ आहे मला. आवाज तेवढा आठवत नाही."

आणि गेली.

मंडळी, मशीन कुरकुरलं नाही! तुमच्या घरातली म्हातारीही कुरकुरत नाही. सून हसून ताट वाढते. म्हणून सगळं बरं चाललंय, असंच धरलंत ना? 'बरी आहेस ना?' म्हणता आणि चप्पल पायात सरकवता! रडतोस काय रे, खांबाआडच्या टाळकऱ्या? ऊठ, टाळ ठेव, घरी जा. विचार तुझ्या म्हातारीला. आणि तिचं बोलणं संपेपर्यंत जागचा हलू नकोस! एवढं जमलं तरच म्हणा – जय हरी!