मधल्या शिट्टीनंतर

सोनबा : अन् त्याला सांग, पाय आवरून बस म्हणावं. कुंड साऱ्या मुलखाचं हाय.

कुशाबा : अगो, मेव्हण्यांना सांग, आवरलेलेच हायत. जन्मापासनं एवढेच लांब हायत.

बनुबाई : हातभर अंतरावर बसलायत दोघं, एका पाण्यात. दोघांना ऐकू येतंय. मी काय तारमास्तर हाय मधी?

सोनबा : बने, तू मला गुडघ्यासाठी आणलंस. "सव गावच्या गरम पाण्यात बस दादा, मुंबईचा सारा वात निघंल," म्हणालीस. पाण्यात तुझा नवरा आधीच शिजत घातलाय, हे नाय बोललीस.

बनुबाई : बोलले असते तर आला असतास?

सोनबा : नाय.

बनुबाई : म्हणून नाय बोलले. आता ऐक. परवा तुळजाचं लगीन. तुझी सख्खी भाची, माझी एकुलती एक. अंतरपाटाशी तिच्या मागं मामा उभा पायजे. शिमग्याला गावात येऊन तुला आठ दिवस झाले, अन् आमच्या अंगणात पाऊल नाय.

सोनबा : घोडेवाल्याच्या मांडवात मी पाऊल ठेवणार नाय.

कुशाबा : अगो, विचार त्यांना, घोडेवाला म्हंजे कोण?

सोनबा : सांग त्याला, आरशात बघ.

कुशाबा : सांग, आरसा घरात एकच व्हता. तो पोरीच्या रुखवतात गेला.

बनुबाई : पुरे! सात वर्षं मी हे मोर अन् घोडा ऐकतेय. माणसं जमिनीवरनं भांडतात, विहिरीवरनं भांडतात. तुम्ही चामड्याच्या चेंडूवरनं! आज दोघं माझ्यासमोर सांगा काय झालं ते. दादा, तू आधी.

सोनबा : काय सांगायचं? सव्वीस सालचा श्रावण. मिलांच्या कपाची फायनल. एकीकडं आपली मोर छाप मिल, समोर घोडा छाप मिल. आम्ही दोघं मोरचे. एका साळखात्यात, शेजारशेजारच्या सांच्यावर कापड विणणारे, एका खोलीत, एका चटईवर. अन् हा तुझा नवरा, घोड्यानं आपल्यावर गोल मारला तर हा नाचला! एकदा नाय, दोनदा! टोपी उडवून! मोरचं मीठ खाऊन!

कुशाबा : मी नाचलो? घोड्याच्या गोलवर? अगो, ह्यांना सांग... नाय, तू राहू दे, मीच सांगतो. मेव्हणे, घोडेवाले तुम्ही! मोरनं गोल मारले अन् तुम्ही चिंचेखाली बसून रडलात. हुंदके देऊन. साऱ्या साळखात्यानं पायलं.

सोनबा : मोर हरला, मग रडू नको तर काय लेझीम खेळू?

कुशाबा : मोर कुठं हरला?

सोनबा : दोन-एकनं हरला.

कुशाबा : तीन-शून्यानं जिंकला.

बनुबाई : तुम्ही एकच सामना बघत व्हतात ना?

सोनबा : पायलंस बने? सात वर्षांनी पण कबूल करत नाय. मोर मिलची माणसं सारी तशीच. चार पावसाळे मी ऐकलं, हरून आले की म्हणणार, जिंकलो. मी म्हणायचो, काय निष्ठा हाय! अन् मालक तर सगळ्यांच्या वर. फायनल हरल्यावर दुसऱ्या दिवशी अख्ख्या मिलला जिलबी वाटली. हरल्याबद्दल जिलबी वाटणारा मालक मी तोच एक पायला.

कुशाबा : अन् फाटकावर तो चांदीचा कप ठेवला व्हता तो?

सोनबा : समजूत काढायला दिला असंल कुणीतरी. माझ्या घशाखाली जिलबी उतरली नाय. शपथ घेतली, मोर घोड्याला हरवंल तवाच खाईन. अन् त्याच दिवशी मिल सोडली.

कुशाबा : ती लाजेनं सोडलीत ना? घोड्याला सामील झालात म्हणून?

सोनबा : मोर हरला म्हणून! हरलेल्या मिलचं सूत माझ्या हाताला लागंना. पक्का सांचा सोडला. आज सात वर्षं बदलीवर काढतोय. पहाटे फाटकाशी उभं राहायचं अन् देवाला म्हणायचं, कुणाला तरी हिवताप आण.

कुशाबा : अन् जाता जाता माझ्या टाळक्यावर छत्री मोडलीत. छत्री पण माझीच.

बनुबाई : थांबा. दादा, मला काय त्या खेळातलं कळत नाय. तू उभा कुठं व्हतास?

सोनबा : कायम असतो तिथं. चिंचेच्या खांबांमागं. मैदानाच्या एका टोकाला चिंच, दुसऱ्या टोकाला धुराडं. चिंचेकडचे खांब मोरचे, धुराड्याकडचे घोड्याचे.

कुशाबा : अं?

सोनबा : अं काय? पयल्या दिवशी गेलो तर आपला गोलकी चिंचेखाली उभा. म्हटलं, झालं, ही आपली शीव. ही राखायची. बाकीची माणसं फिरायची, कधी इकडं, कधी तिकडं. मी हाललो नाय. एकदा अंगात ताप व्हता, तरी नाय.

कुशाबा : मधली शिट्टी झाल्यावर पण?

सोनबा : तवा तर मुद्दाम थांबायचो. पाळी बदलायची ना.

कुशाबा : कसली पाळी?

सोनबा : गोलकीची. शिट्टी म्हंजे भोंगा. पयल्या पाळीचा गोलकी जायचा, दुसऱ्या पाळीचा यायचा. मिलचीच माणसं ती, अख्खा दिवस एकाला कोण राबवंल?

कुशाबा : अन् बाकीचे दहा?

सोनबा : चिखलात कोण ओळखतो? पयल्या पाळीत आपले हिरवे शर्ट दिसायचे. नंतर माणूस अन् म्हैस एक. कधी कधी आधीच हिरवे तिकडं धुराड्याकडं दिसायचे. म्हटलं, मदतीला गेले असतील. दुसरी पाळी जरा कच्ची वाटायची मला. पण आपली व्हती.

कुशाबा : मेव्हणे.

सोनबा : काय?

कुशाबा : मधल्या शिट्टीला बाजू बदलतात.

सोनबा : कोण?

कुशाबा : सगळे.

सोनबा : का?

कुशाबा : वारा, ऊन, चिखल दोघांना सारखा मिळावा म्हणून. नियम हाय.

सोनबा : कधीपासनं?

कुशाबा : खेळ हाय तवापासनं.

(सोनबा डोक्यासकट पाण्याखाली जातो. बराच वेळ वर येत नाही.)

बनुबाई : अवं, बघा त्याला! वर काढा!

कुशाबा : येतील. चार वर्षांचे सामने हायत, मोजायला वेळ लागतो.

सोनबा : म्हंजे... चिंचेखालचा तो दुसऱ्या पाळीचा...

कुशाबा : घोड्याचा गोलकी.

सोनबा : अन् त्याच्या अंगावरनं गेले ते दोन...

कुशाबा : मोरचे.

सोनबा : अन् तुम्ही नाचलात ते...

कुशाबा : मोरच्या गोलवर. मोरचा माणूस म्हणून.

सोनबा : म्हंजे मी अर्धा सामना...

कुशाबा : घोड्याकडनं. प्रत्येक वेळी. चार पावसाळे अर्धेअर्धे, म्हंजे दोन पावसाळे पुरते घोडेवाले.

सोनबा : जिंकलेल्या मिलचा पक्का सांचा सोडला मी.

कुशाबा : जिलबी पण.

सोनबा : दाजी, तुम्ही मला चार वर्षांत एकदा तरी सांगायचं!

कुशाबा : काय सांगायचं? "मेव्हणे, चेंडू गोल असतो" असं पण मी कधी सांगितलं नाय.

बनुबाई : दाजी म्हणालास, दादा. सात वर्षांनी.

सोनबा : म्हणालो खरा. पण मग एक सांगा दाजी. तुम्ही मोरचे तर पोरगी घोडा मिलमध्ये का दिलीत? मुंबईत मला कुणी सांगितलं, कुशाबाचा जावई घोडा मिलचा. म्हटलं, बघा, आता तर उघडउघड सोयरीक केली. त्या दिवशी ठरवलं, मांडवात जायचं नाय.

बनुबाई : सांगा आता. का मी सांगू?

कुशाबा : पाणी आज जास्तच गरम हाय.

बनुबाई : तुझ्यासाठी दिली, दादा.

सोनबा : माझ्यासाठी?

बनुबाई : हे म्हणाले, सोनबा घोडेवाला झालाय तर झाला. घोड्याचा जावई करू, मग तरी मामा मांडवात येईल. मोर मिलची तीन चांगली स्थळं परत धाडली ह्यांनी. एकाची तर स्वतःची म्हैस व्हती.

सोनबा : मला खुश करायला घोडेवाला शोधलात?

कुशाबा : तुमच्या पोराच्या बारशाला लाकडी घोडा पण धाडला व्हता.

सोनबा : तो मला चिडवायला धाडलात ना? पोराचं नाव मी मोरेश्वर ठेवलं म्हणून?

कुशाबा : नाव मला नंतर कळलं. तवा मला जरा कोड्यात पडल्यागत झालं.

सोनबा : अरे देवा. मी तो घोडा सावित्री नदीत सोडला.

बनुबाई : अजून पुरतं ऐकलं नायस. जावई नुसता घोडा मिलचा नाय. नाते गावचा सहदेव. गोलकी हाय तो.

सोनबा : कधीपासनं?

कुशाबा : आठ वर्षं झाली. तुमची दुसरी पाळी.

सोनबा : चिंचेखालचा? तो पोरगा?

बनुबाई : सुपारी फुटली त्या दिवशी त्यानं एक पंचा काढून दाखवला. म्हणाला, फायनलला मी दोन गोल खाल्ले. माझ्याच मिलची माणसं आईवरनं शिव्या देत व्हती. तवा मागनं एक माणूस रडत रडत आला, माझं तोंड पुसलं, पंचा गळ्यात घातला अन् म्हणाला, "असं होतं कधी. पण उद्या पाळीवर ये, खाडा करू नको." पंचाच्या टोकाला मोर काढलेला. म्हंजे माणूस मोर मिलचा! म्हणाला, असा मोठ्या मनाचा शत्रू मी जन्मात पायला नाय. त्याच्यासाठी म्हणून मोरवाल्याच्या घरातली पोरगी करतोय.

सोनबा : मोर तू काढला व्हतास त्या पंचावर.

बनुबाई : माझा टाका मी ओळखणार नाय?

कुशाबा : मला वाटलं, पुरावाच मिळाला. घोड्याच्या गोलकीचं तोंड पुसलं, आता आणि काय पायजे!

सोनबा : त्याला सांगितलंत? तो माणूस कोण ते?

बनुबाई : नाय. म्हटलं, मांडवात मामा दिसला की आपसूक ओळखंल. तो पंचा घेऊनच उभा राहणार हाय.

सोनबा : नको बने. मी नाय येत.

बनुबाई : आता काय झालं?

सोनबा : मोठ्या मनाचा शत्रू! मला शत्रू कोण तेच माहीत नव्हतं. दाजींचं टाळकं फोडलं, मिल सोडली, तुझा उंबरा सोडला. कुठल्या तोंडानं येऊ?

बनुबाई : हाय त्याच. आत्ताच पाण्यात बुडवून काढलायस. सात भाऊबिजा झाल्या, दादा. भाऊ जिता असून मी चंद्राला ओवाळलं. दर साली शेजारीण विचारायची, भाऊ गेला का गो? अन् मी म्हणायची, नाय, फुटबॉलला गेलाय.

कुशाबा : पंगतीला जिलबी हाय. महाडहून आचारी सांगितलाय.

सोनबा : माझी शपथ हाय, दाजी.

कुशाबा : ती फिटून सात वर्षं झाली. फिटली त्यानंतर घेतलीत तुम्ही.

सोनबा : बरं. मग मला नीट सांगा, उभं कुठं राहायचं. आता माझा माझ्यावर भरवसा राहिला नाय.

बनुबाई : अंतरपाटाच्या अल्याड तुळजाचा पाट. ती पाटावर, तू तिच्या मागं.

सोनबा : अन् पल्याड?

कुशाबा : गोलकी.

सोनबा : मग भटजी मंगळाष्टकं म्हणणार. ती संपली, वाजंत्री वाजली, अंतरपाट निघाला. पुढं?

बनुबाई : पुढं माळा घालायच्या. मग तुळजा त्यांच्या बाजूला जाणार.

सोनबा : ती परत कधी अल्याड येणार?

बनुबाई : ती तिकडचीच झाली, दादा.

सोनबा : अन् पाट?

बनुबाई : पाट तिथंच राहतो. तू राहू नको.