घरं पुसली कुणी?

माझं तर कुणी खरंच मानीना. धाराशिवला आमा सरपंच बायांना शिकायला बसवलं होतं, गावाचे कागद दूरच्या कॉम्प्युटरात कसे ठेवायचे ते. खिडक्यांना पडदे, गार हवा, दुपारची गुंगी. सरांनी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आमच्या गावातल्या पडक्या घरांचे फोटो उघडले. त्यावरच घरकुलं मिळणार होती. बघता बघता एकेक घर विरायला लागलं, पहाटंच्या चांदण्यांवाणी.

"सर, घरं चालली!"

"ताई, डुलकी लागली तुम्हाला." मग स्क्रीनकडं बघून सरांचं हसू गेलं. "हे तुमच्याच नावानं पुसलं जातंय! हात लावू नका!"

"हात मांडीवर हायेत माझे!"

"मग तुमचं खातं आणखी कुणाच्या मोबाईलवर आहे?"

म्या घरी नवऱ्याला फोन लावला. "काय करायलाव?"

"मोबाईल भरलाय गं. घरांचे फोटो पुसून जागा करायलोय."

सरांनी पुसलेली घरं माघारी आणली तवा माझा जीव भांड्यात पडला. "पुसणाऱ्याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

उखाण्याबिगर ते नाव म्या कधी घेतलं न्हवतं. भर सभेत, पदर खोचून घेतलं.

"बब्रुवान!"