वापरून बघा

...नाही, पण पात्र नाही म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, सकाळची वेळ, हातात चहा, बाहेर शांतता, आणि माझ्याच टेबलावरचा माझाच लॅपटॉप मला सांगतो, "तुमचा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही"! वर आणखी, "जुन्या आवृत्तीची देखभाल पुढच्या महिन्यापासून बंद." म्हणजे तुमचं तुम्ही बघा! नऊ वर्षं ज्याचं झाकण पुसलं, ज्याच्या कळा सोसल्या, त्याने मुलाखतीतून बाहेर काढावं तसं मला बाहेर काढलं. आणि मागणी काय होती हो माझी? मला नुसतं एक वेळापत्रक करायचं होतं!

आता वेळापत्रक म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. तुम्ही म्हणाल, चौकटी आखायच्या आणि भरायच्या. भरा की! मी शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासवाल्याला काही काम नसतं अशी सगळ्यांची ठाम समजूत, म्हणून सतरा वर्षं वेळापत्रक माझ्या गळ्यात. चौदा वर्ग, बावीस शिक्षक, दिवसाला आठ तास. गणितवाले म्हणतात, "मला पहिलाच तास हवा, मुलं ताजी असतात." बरं, मग मी काय शिळ्या मुलांना शिकवू? पीटीवाले म्हणतात, "जेवणानंतरचा तास नको, पळवलं की ओकतात." चित्रकलावाल्यांना जोडून दोन तास हवेत, का, तर रंग वाळायला वेळ लागतो. एकाला हलवला की अकरा जण हलतात, आणि अकराच्या अकरा माझ्याकडे येतात!

पण यंदा तसं नव्हतं. यंदा मी शब्द दिला होता. आमच्या विज्ञानाच्या बाई, नवीनच आहेत, कधी कुणाकडे काही मागत नाहीत. त्यांचा दीड वर्षाचा मुलगा पाळणाघरात असतो. पाळणाघर साडेचारला बंद, आणि शाळेचा शेवटचा तास पाचला सुटतो. गेल्या वर्षी आठवड्यात चार दिवस शेवटचा तास त्यांनाच आला होता... कुणी दिला? मीच! मला काय माहीत? सुट्टी लागायच्या दिवशी म्हणाल्या, "सर, तो एकटाच उरतो हो. दारात बूट घालून बसलेला असतो." एवढंच म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! म्हटलं, बाई, यंदा एकही शेवटचा तास तुम्हाला नाही. शब्द!

तर शाळा उघडायला सोळा दिवस, आणि हा म्हणतो पात्र नाही. बायको म्हणाली, "अहो, अजून महिना आहे ना? करून टाका जुन्यावरच." बरोबर होतं तिचं. तिचं नेहमी बरोबर असतं, तोच तर त्रास आहे. पण मला एकदा काही टोचलं की टोचलं. मी मेहुण्याला फोन केला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुरुस्तीच्या दुकानात बसतो, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असतं, प्रश्न संपायच्या आत! "भावोजी, सोडा ती सिस्टीम. तिच्या जागी लिनक्स घ्या. ओपन सोर्स आहे. फुकट. कुणाच्या बापाचं नाही. कुणीही उघडून बघावं, बदलावं, वाटावं." म्हटलं, वा! याला म्हणतात माणुसकी. दे मला ते लिनक्स. तर म्हणतो, "कुठलं?"

कुठलं म्हणजे? एकच असतं ना? "छे हो भावोजी, शेकड्यांनी आहेत!"

तिथेच माझा रक्तदाब चढला. कारण तुम्हाला माझा स्वभाव सांगतो, मला निवडता येत नाही. चपलेच्या दुकानात दुकानदार मला बघून दिवे मालवतो. दोनातून एक निवडायचं तर मी तिसरं आहे का विचारतो, आणि इथे शेकडो! आणि मला काय, नुसतं एक वेळापत्रक करायचं होतं हो!

मग शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. अतिशय शांत माणूस, बोलताना डोळे मिटतो. "नवशिक्याने ना सर... नारिंगी घ्यावी." रंगांनी ओळखतो आता मी त्यांना, खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत. नारिंगी. ठरलं! मेहुण्याला सांगितलं, तर फोनमध्येच ओरडला, "नारिंगी? तिला कोण विचारतं हल्ली! हिरवी घ्या, तुमच्या वयाला हिरवीच बरी." माझ्या वयाला! पुन्हा सरांना फोन. डोळे मिटल्याचं मला फोनवरसुद्धा ऐकू आलं. "हिरवी... वाईट नाही. पण ती नारिंगीपासूनच बनली आहे. आणि नारिंगी त्या लाल भोवऱ्याच्या चिन्हावालीपासून. मग मूळच का नाही घेत?" मूळ म्हणे! मी काय वंशावळ मांडायला बसलोय?

म्हटलं, जाणकारांना विचारू. इंटरनेटवर त्यांची सभा भरते, तिथे नम्रपणे लिहिलं, 'मी शिक्षक आहे, नवखा आहे, मला वेळापत्रक करायचं आहे, कुठली घेऊ?' तासाभरात एकशे चाळीस उत्तरं! माझा ऊर भरून आला. मग वाचायला बसलो. पहिला म्हणतो निळी. दुसरा म्हणतो निळी सांगणाऱ्याला काही कळत नाही. तिसरा म्हणतो, तुम्हाला काही कळत असतं तर तुम्ही स्वतःची स्वतः बनवली असती. चौथ्याने पाचव्याची अक्कल काढली, सहावा म्हणाला वेळापत्रकाला खिडक्या-बिडक्या कशाला लागतात, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करा. आणि एकशे चाळिसावा म्हणतो, "मूळ प्रश्न काय होता?" अरे, मूळ प्रश्न मी होतो! व्यक्ती तितक्या प्रकृती ऐकलं होतं, इथे व्यक्तीमागे तीन-तीन प्रकृती!

तेव्हा मेहुण्याने ती पेन ड्राइव्ह आणून दिली. "भावोजी, भांडण नको. यात सात आहेत. कॉम्प्युटरला लावा, चालू करा, दोन बटणं येतील. एक 'बसवा', एक 'वापरून बघा'. बसवायची घाई नको, आधी वापरून बघा." तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला तो मेहुणा नाही, देवमाणूस वाटला. वापरून बघा! माझ्यासारख्यासाठी याहून गोड शब्द दुसरा नाही. निवडायचंच नाही! नुसतं बघायचं!

मग काय विचारता! बारा दिवस मी नुसता बघत होतो. नारिंगी बघितली, तिच्यात आवाज येईना. हिरवी बघितली, छान होती, म्हणजे इतकी छान की मला संशय आला. लाल भोवऱ्याने घड्याळ भलत्याच देशाचं दाखवलं, मी दुपारी साडेतीनला सकाळचा नाश्ता मागितला, बायकोने कसं बघितलं ते सांगत नाही. राखाडीत बटणंच सापडेनात. ती बंद कशी करायची हे शोधण्यात एक अख्खा मंगळवार गेला. शेवटी बायको समोर येऊन उभी राहिली. "अहो, माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला होतात का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग?" आता यावर 'म्हणूनच आता करतोय' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. राहायला दुसरं घर नाही मला.

बरं, उरले चार दिवस. निळी लावली होती तेव्हा, म्हटलं आता हिच्यावरच काम उरकू, निवड मागाहून. आणि काय सांगू, जमलं! तीन दिवस झाकण लावलं की झोपायची, उघडलं की उठायची, हाक मारली की हजर. असं वेळापत्रक सतरा वर्षांत झालं नव्हतं. गणिताला पहिला तास, पीटी जेवणाआधी, रंगांना वाळायला दोन तास, आणि विज्ञानाच्या बाई सोमवार ते शनिवार चारला मोकळ्या! मी बाईंना फोन करून सांगितलंसुद्धा. त्यांनी "शनिवारीसुद्धा?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "थँक्यू हं सर." माझे डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

शनिवार दुपार. फक्त छापायचं बाकी. आणि मेहुण्याचा फोन. "काय भावोजी, अजून निळीवरच? सातवी बघितलीत का? तपकिरी? अहो, जुन्या मशीनवर पळते पळते म्हणजे..." आता शहाण्या माणसाने काय करावं? छापावं! मी काय केलं? म्हटलं, नुसती बघू. दोन मिनिटं.

बंद केला. चालू केला. तपकिरी आली, खरंच पळत होती. फाईल कुठाय? नाही. परत निळी लावली. निळी आली, कोरी करकरीत, मला ओळखसुद्धा दाखवेना! सेव्ह केलं होतं हो! चौतीस वेळा केलं होतं! मेहुण्याला विचारलं तर तो गप्प. आयुष्यात पहिल्यांदा गप्प! मग हळूच म्हणतो, "भावोजी... 'वापरून बघा'मध्ये केलेलं काही राहत नसतं. बंद केलं की गेलं. मला वाटलं तुम्ही एव्हाना बसवली असेल. बारा दिवस कोण नुसतं बघतं?"

मी! मी बघतो! तेल गेलं, तूप गेलं, हाती ती पेन ड्राइव्ह! आणि मला काय, नुसतं एक वेळापत्रक करायचं होतं!

रविवारी कुठल्याही पडद्याकडे बघवेना. जेवणाच्या टेबलावर मोठा पुठ्ठा पसरला, पट्टी घेतली, बायको नावं वाचून दाखवत बसली, आणि मी पेन्सिलीने भरत सुटलो. सगळं काही आठवेना. पण एक गोष्ट आधी भरली, विज्ञानाच्या बाई चारला मोकळ्या. तिथे दुसरं कुणी बसेना, तर मी बसलो. जिथे जिथे भोक राहिलं, तिथे तिथे इतिहास कोंबला. सोमवारी पुठ्ठा भिंतीवर लागला, बाई साडेचारच्या आत पाळणाघराच्या दारात पोहोचल्या, आणि मला आठवड्यात जेमतेम तीन तास मोकळे. चालेल! शब्द तर राहिला!

पण मुख्याध्यापिका बाईंना पुठ्ठ्यावर माझे तेच तीन तास रिकामे दिसले. कॉम्प्युटरचे सर लांब रजेवर गेले होते, त्यांचे तास कुणालाच नव्हते. बाई माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्ही सात-सात सिस्टीम वापरल्यात म्हणे? शाळेतली बारा मशिनंपण पात्र नाहीत म्हणतात. तुम्हीच बसवा काय ती, आणि तासही घ्या तुम्हीच." म्हटलं, बाई, कुठली बसवू? "ते तुम्ही ठरवा, तज्ज्ञ तुम्ही!"

मी? ठरवू? बारा मशिनं, सात सिस्टीम... अहो, मला दुसरं सुचेचना! जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या बसवल्या, पाच दोन-दोनदा! आता तास सुरू झाला की मुलांची खुर्च्यांसाठी पळापळ, हिरवी माझी, तपकिरी माझी! परवा पाचवीतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. "सर, यातली सगळ्यात चांगली कुठली?" म्हटलं, जिच्यासमोर बसली आहेस ती. खाली बस आणि काम कर. काय छान उत्तर होतं! मलाच पटलं! सगळा वर्ग कामाला लागला. ती मात्र उभीच. "आणि सर, तुमच्या घरी कुठली आहे?"

"...घरची ना, बाळ? घरची अजून ठरतेय."