संघाचं धुणं

दवाखान्याच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, शेजारी तिचा दीर. दवाखान्यात येऊन क्रिकेटच्या गप्पा! समोरच्या आजीबाईंनी नाक मुरडलं, पण कान तिकडेच लावले.

"वहिनी, वीस षटकांची ती स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आम्ही पांढऱ्यातच खेळलो."

"दुसऱ्या वर्षी लाल शर्ट आले. संघाचं धुणं धुवायची पाळी नेमकी माझी, मी पांढऱ्या पँटींसकट सगळं एकाच बादलीत भिजवलं."

"सरावाला अकराच्या अकरा गडी गुलाबी! दादा म्हणाला, माझ्या बायकोला हसाल तर बॅट घालीन."

"घरी मात्र मलाच बोलले हो."

"पुढे दिवे आले, टीव्ही आला, मोठाले संघ आले. आमचा कधी मोडला, कुणी विचारलंही नाही."

"शर्ट तेवढा टाकू दिला नाही त्यांनी. आज घरी जाताना तोच घालायचाय म्हणे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आता औषध उरलं नाही, घरीच न्या."

दिरानं पिशवीतून बाहेर आलेली लाल बाही आत सारली.

"या खेपेला तरी वेगळा धुतलात ना, वहिनी?"

"वेगळाच धुतला गेला, भावजी. ते इथं आल्यापासून बादलीत त्यांचं दुसरं काही पडतच नाही."

आजीबाई उठल्या आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या.