वरची जागा

...नाही, शब्दाबद्दल तक्रार नाही माझी, तुम्हाला सांगतो, शब्द चांगलाच असणार, शिकलेल्यांनी काढलाय... घनीकरण! पण तो आणून माझ्या बायकोच्या, फिकीलेच्या थडग्यावर कशाला ठेवायचा?

झालं काय, दफनभूमीच्या कचेरीतून निरोप आला. गेलो. सावकाश गेलो, माझं सगळंच सावकाश. तिथं म्खीझेबाई, माझ्या नातीच्या वयाची, म्हणाली, "बसा मखुलु," आजोबांना आम्ही मखुलुच म्हणतो, "आता इथं घनीकरण आहे." म्हटलं, म्हणजे गं काय? "तेवढ्याच जागेत जास्त माणसं." म्हटलं, पोरी, त्याला आम्ही गर्दी म्हणतो, शेअर टॅक्सीत रोज असते! "तसं नाही हो मखुलु. गर्दी आपोआप होते. घनीकरण ठराव करून करतात."

घ्या! अहो, फिकीलेला पुरलं तेव्हाच खड्डा दोघांच्या हिशेबानं खोल खणलेला, खाली ती, वर मी, शेवटच्या दुखण्यात तिनं माझा हात धरून वदवून घेतलेलं... आणि ही म्हणते, वरची जागा दहा वर्षं रिकामी राहिली की दुसऱ्याला देतात! कागद पालथे केले, चष्मा वर केला, आणि फार मायेनं विचारलं, "तुमची दहा वर्षं जूनमध्ये भरतात, मखुलु. जूनच्या आत... तुमचा काही विचार?"

म्हटलं, "बघतो."

घनीकरण, दुसरं काय!

दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठ थोपटली, "मखुलु, अजून वीस वर्षं हलत नाही तुम्ही!" म्हटलं, जूनच्या आत काहीच नाही का हो? शेजारची डुमाझिले, जीभ म्हणजे कोयता, ती म्हणते, "जन्मभर तुझी टॅक्सी चुकली, हीपण चुकणार बघ!" मे गेला, आमच्याकडं थंडी तेव्हाच पडते, मी मुद्दाम कांबळं न घेता झोपलो... साधी शिंकसुद्धा नाही हो!

जून सरला. जुलैत आणला एकाला. ट्रक चालवायचा म्हणे, गाव लांब, माणूस एकटा. पोचवायला कोण, तर दोन खणणारे आणि म्खीझेबाई. कुणी रडेना, आमच्यात माणूस गाऊन पोचवतात तर कुणी गाईना... मग काय करता? मीच गायलो, मीच पहिलं फावडं ओढलं. माझ्याच जागेवर! घनीकरण!

आता रविवारी जातो, तर बायकोशी बोलायची चोरी. आधी टोपी काढून वरच्याची विचारपूस करतो, आणि मग म्हणतो, "भाऊ, जरा तिकडं तोंड करा... घरचं बोलायचंय."