चाळीसचे चारशे

—तिथं नका बसू साहेब, कात्र्या पडल्यात, ह्या स्टुलावर बसा. माझी पोरगी हुमेरा वही आणायला आत गेलीय, पेटी पलंगाखाली हाय, पुढं गाद्या रचल्यात, येळ लागंल तिला. तवर — हळूच बोलतो हां, मधी नुसता पडदा हाय — तुम्ही चौकशीवालेच ना? तिच्या पीएचडीच्या सरांच्या बाजूचे न्हाय? मग बरं झालं आलात. न्हाय, बरं कसलं.

आपलं दुकान धारेचं. निम्म्या उमरग्याच्या शिंप्यांच्या कात्र्या इथं येतात — अन् किल्ल्या बी बनवतो. हे चाक बघा, कार्बोरंडमचं. पोरगी म्हणायची, अब्बा, माझा लॅबमधला क्रिस्टल ह्याच मालाचा, फकस्त लई शुद्ध. त्यात एखादा अणू जागेवर नसतो — खोट म्हणायची ती — त्या खोटीतल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन किती वेळ ताल धरून ऱ्हातो, तेवढं मोजायचं. आजूबाजूच्या अणूंनी जरा चुळबुळ केली की ताल गेला. म्या म्हणलं, एवढी शिकलीस ती खोट बघायला? लई हसली. तवा हसायची.

तिच्या मोजणीत आले चाळीस मायक्रोसेकंद. सर छापायला निघाले चारशे. ही अडून बसली, पेटी उचलून घरी आली. मग सरांचा फोन मला — धमकी न्हाय हो, लई गोड बोलले. फकरुद्दीनभाई, पेपरावरच्या एका सहीपायी पोरीची पाच वर्षं पाण्यात जातील. मला काय कळतंय चाळीस अन् चारशे? म्हणलं, कर सही. दोन दिवस जेवली न्हाय, मग केली. कुणाच्या सांगण्यावरनं केली? माझ्याच.

पुढं बाहेरदेशात कुणी तोच प्रयोग करून बघितला, चारशे काय येईनात. सरांनी हात झटकले — आकडा पोरीनंच बनवला म्हणले. लॅबच्या कंप्युटरातलं समदं पुसलेलं. डिग्री अडकली. वरीसभर पोरगी दारात सुदिक आली न्हाय. तुमचं पत्र आलं अन् उठली. आज इस्त्रीचा ड्रेस घातलाय बघितलंत ना? फरिदाबीला, तिच्या अम्मीला, म्हणती — चाळीस माझ्या हातानं लिहिलंय, तारखेसकट, कुलपात हाय.

कुलपात. — म्या किल्ल्या बनवतो, साहेब.

सही केली अन् आठ दिवसांनी म्हणायला लागली, सही मागं घेते, वही दाखवते समद्यांना. मला वाटलं, गेली पाच वर्षं पाण्यात. ती अम्मीला घेऊन दवाखान्यात गेली, म्या कोऱ्या किल्लीला कानस मारली — धा मिनिटांचं काम. वही बंबात घातली. भरगच्च लिहिलेली, जळंना लवकर. एक पान वाचलं न्हाय म्या. कुलूप होतं तसं लावलं. मग हात जोडून थांबवली तिला, पुढं आपलं कोण ऐकतंय म्हणून तिनं बी पुन्हा उघडलं न्हाय, अन् म्या रोज त्या गाद्यांकडं बघत ऱ्हायलो — हे फरिदाबीला बी ठावं न्हाय. तुम्हाला का सांगतोय म्या?

माझा जबाब घ्या की. आत्ता लिहून देतो, सही येती मला — व्हय, बापाचं कोण धरणार. तीच वही पायजे. कळतंय मला.

— थांबा. कुलूप निघालं.

कापडं टाकतीय खाली… पुस्तकं…

उठा साहेब. तोंड नका बघू माझं, जावा तुम्ही, जावा! — हुमेरा, बेटा, बास कर उपसायचं. न्हाय ती त्यात.