सात पालथी भांडी

मंडळी, आधी ऊन पाहू. सकाळचे, साधे, रोजचे.

कृष्णाकाठच्या एका गावात तांबट आळी होती. तिथे केरबा तांबटाच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे एकच झरोका. त्यातून येणारे ऊन पहिल्याने समोरच्या भिंतीवर उंच उमटे, तळहाताएवढे, फिकट. मग कोणी हाक मारली नसतानाही ते हलकेच खाली उतरू लागे. धुराने काळवंडलेला गिलावा ओलांडी, खुंटीवरच्या झाऱ्यापाशी थबके, आणि फळीवर पोचे. फळीवर सात भांडी पालथी. उन्हाची तिरीप त्यांच्या पाठीवरून सरकली की कोरलेल्या अक्षरांचे ठिपके एकेक करून उजळत. आधी हौसाबाई. मग नसीम. मग बाकीची पाच नावे. केरबा पाटावर बसून हे रोज पाही, आणि हातातला चहा निवून जाई.

आता माझा प्रश्न. माणसाला एखादी गोष्ट ठाऊक नसते, आणि माणूस ती ठाऊक करून घेत नाही. देवाच्या दारात या दोहोंत काही फरक असेल का? उत्तर आत्ता नको. मनात ठेवा आणि ऐका.

भांड्यांवर नावे घालणे हा केरबाचा धंदा. छिन्नी, छोटी हातोडी, ठिपक्याला लागून ठिपका. आळीतले भांडे कोणाचेही असो, त्यावरचे अक्षर केरबाचे. आणि आळीचा एक रिवाज होता, मायबाप, जो तुमच्याही घरी असेल. शेजारणीचे भांडे आपल्याकडे आले तर ते रिकामे परत जात नाही. आमटी आली तर उसळ जाते. काहीच नसेल तर गुळाचा खडा जातो, पण तळ उघडा जात नाही. केरबाची बायको गोदावरी या रिवाजाची मोठी अभिमानी.

ती गोदावरी पौषात गेली.

तिच्यामागे फळीवर सात भांडी राहिली, सातही शेजारणींची. ती परत करायची राहून गेली होती. केरबा खाणावळीत जेवू लागला. शेजारणी म्हणत, "भावजी, भांडं तसंच द्या हो, आम्ही का परक्या?" तो मान हलवी. वर्षश्राद्ध महिन्यावर आले तेव्हा त्याने मनाशी धरले की ही सातही भांडी भरून जातील, आणि त्यांत गोदीच्या हातचे हुलग्याचे माडगे असेल. तिचे एवढे तरी तिच्यासारखे पार पडावे.

निश्चय फार सुंदर. पण इथे बसलेल्या पुरुषमंडळींपैकी कितीजणांना आपल्या घरातला जिऱ्याचा डबा कोणता ते ठाऊक आहे? हात वर करू नका. पलीकडे बायका बसल्या आहेत, त्यांना खरे माहीत आहे.

केरबाने जिरे शोधायला अर्धी सकाळ घालवली. हुलग्याचे पीठ पाण्यात कालवले, गुठळ्या झाल्या. पुन्हा केले. तिसऱ्या दिवशी माडगे दिसायला माडग्यासारखे झाले, पण जिभेवर ठेवले आणि त्याचा जीव कळवळला. जी चव वर्षभर स्वप्नात येत होती, ती यात नव्हती. अखेर त्याने हौसाबाईचे भांडे भरले आणि तो समोरच्या दारी गेला.

"वहिनी, जरा चाखून बघा."

हौसाबाईने बोट बुडवले. "बरं झालंय की. पुरुषाच्या मानानं तर लग्नाच्या पंगतीत वाढावं असं."

"गोदीसारखं नाही झालं."

"काय कमी वाटतंय?"

"शेवटच्या दिवसांत ती करायची ना, त्याला लसणाची करपट चव असायची. जराशीच. वर्ष झालं, जीभ तेवढंच मागतेय."

हौसाबाईने भांडे उंबऱ्यावर टेकवले. पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिली.

"भावजी, गोदीनं जन्मात लसूण काळा होऊ दिला नाही. उलट मलाच बोलायची, हौसे, तुझं अर्धं लक्ष चुलीवर आणि अर्धं रस्त्यावर. लसूण करपतो तो माझा."

"म्हणजे?"

"आषाढापासनं ती चुलीपाशी बसू शकत नव्हती. आम्ही सातजणींनी वार वाटून घेतले होते, माडगं माझ्या वाराला असायचं. तुम्ही दुकानातनं यायच्या आत मागच्या दारानं आणायचं, आणि तिनं अंथरुणावरनं उठून ताटात वाढायचं. शपथ घातली होती तिनं आम्हाला."

"मला कुणी बोललं नाही."

"मी म्हटलं होतं तिला. गोदे, आता सांगते भावजींना, मिरजेच्या डॉक्टरकडं नेतील. तर म्हणाली, नको. त्यांना कळलंय. कळलंय म्हणून तर विचारत नाहीत."

"मला काय कळलं होतं? मला काहीसुद्धा कळलं नव्हतं, वहिनी."

हौसाबाई वाद घालत बसली नाही. तिने चुलीत दोन काटक्या सारल्या, कढईत तेल घातले. "या, बसा इथं. गोदी फोडणी कशी करायची ते दाखवते. लसूण बदामी झाला की लगेच कालवलेलं पीठ ओतायचं. नजर हलवायची नाही. नजर हलली की माझ्यासारखं होतं."

केरबा बसला, आणि प्रथमच एका कढईकडे नजर न हलवता पाहत राहिला. हौसाबाईचे भांडे तो परत घरी घेऊन गेला, आणि नंतर सात सकाळी त्याने सात भांडी भरली आणि सात दारी पोचवली. लसूण बदामी होता. चव गोदीची होती. पण त्याच्या जिभेला ती ओळखता आली नाही, कारण त्या चवीला तो दीड वर्षामागे पारखा झाला होता.

मंडळी, कीर्तन संपले की तुम्ही घरी जाल. ताट समोर येईल. वाढणाऱ्या हाताकडे एकदा पाहा. तो हात थरथरतो आहे का, भिंतीचा आधार घेतो आहे का, तेवढे विचारा. उत्तराचे भय वाटत असेल तर आधी विचारा. माझ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे. मी तुम्हाला आठव्या सकाळपर्यंत नेतो आणि तिथेच सोडतो.

आठव्या सकाळी ऊन भिंतीवरून उतरले, झाऱ्यापाशी थबकले आणि फळीवर आले. फळी रिकामी होती. उजळायला एकही अक्षर नव्हते. केरबाला आठवले की आषाढातल्या एका दुपारी याच फळीवर त्याने हौसाबाईचे पहिले भांडे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी नसीमचे. ती परत जात नव्हती, वाढत होती. नावे त्यानेच घातली होती, आणि त्याला वाचता येत होते.